रंगाखालचा रंग : गोव्यातील वेदीचित्रे आणि त्यांचे जतन

इ. स. १५१० मध्ये नोव्हेंबरच्या २५ तारखेला अफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा शहर दुसऱ्यांदा आणि कायमचे जिंकून घेतले. ख्रिस्तसभेच्या पंचांगात तो अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा सण होता. विजयाचा दिवस आणि सणाचा दिवस एकच आल्याने विजेत्यांनी शहर या संतिणीच्या आश्रयाखाली ठेवले आणि तिच्या नावे एक साधे प्रार्थनामंदिर उभारले. पुढे १५३४ साली गोवा हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा त्याचे कॅथेड्रलही संत कॅथरिनच्याच नावाचे झाले. या कॅथेड्रलच्या वेदीसाठी, पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या कारकिर्दीत, १५४० च्या सुमारास लिस्बनचा चित्रकार गार्सिया फर्नांडिस याने संत कॅथरिनच्या चरित्रातील प्रसंग लाकडी फलकांवर रंगविले. ज्याला आपण प्रबोधनकाळ म्हणतो, त्या काळातील युरोपीय चित्रकला अशा रीतीने गलबतात बसून आपल्या कोकण किनाऱ्यावर उतरली.

या चित्रफलकांच्या निमित्ताने एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे धार्मिक चित्र सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे? ते वेदीवर असावे की संग्रहालयात? आणि त्याच्याशी पिंपरीसारख्या उद्योगनगरीत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांचा काय संबंध?

चित्रकार आणि त्याची संत

गार्सिया फर्नांडिस हा लिस्बनमधील राजचित्रकार जॉर्ज आफोन्सो याच्या कार्यशाळेत तयार झाला. त्या काळी फ्लँडर्स प्रांतातील चित्रकार तैलरंगांच्या कामात अग्रेसर समजले जात, आणि त्यांच्यापैकी कित्येक पोर्तुगालमध्ये येऊन स्थायिक झाले होते. फ्रान्सिस्को हेन्रिकेस हा त्यांतलाच एक; १५१८ च्या प्लेगच्या साथीत त्याचा अंत झाला. गार्सिया फर्नांडिस त्याचा जावई झाला. १५३३-३४ मध्ये लामेगो शहराजवळील फेरेरीमच्या फ्रान्सिस्कन मठासाठी क्रिस्तोव्हाँव द फिगैरेदो आणि ग्रेगोरियो लोपेस यांच्यासह त्याने वेदीचित्रे केली. म्हणूनच या तिघांना कलेच्या इतिहासात 'फेरेरीमचे आचार्य' असे संबोधतात. गोव्याच्या कॅथेड्रलसाठी काम करणारा चित्रकार हा असा नावाजलेला कलावंत होता. वसाहतीकडे काहीतरी दुय्यम पाठवून द्यावे, असा तो प्रकार नव्हता.

संत कॅथरिनची परंपरागत कथा आपण जाणतोच. ही विदुषी कुमारिका सम्राटाने जमविलेल्या पन्नास तत्त्ववेत्त्यांशी वाद करते आणि त्यांनाच प्रभू येशू ख्रिस्ताकडे वळविते. काटेरी चाकावर तिचे हाल करण्याचा बेत फसतो आणि अखेर तिचा शिरच्छेद होतो. देवदूत तिचा देह सिनाय पर्वतावर नेतात. १९६९ मध्ये ख्रिस्तसभेच्या सार्वत्रिक पंचांगातून तिचा सण वगळण्यात आला होता. २००२ मध्ये तो ऐच्छिक स्मृतिदिन म्हणून पुन्हा समाविष्ट झाला.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. २५ नोव्हेंबर १५१० हा दिवस गोव्याच्या भूमिपुत्रांसाठी, विशेषतः तेथील मुसलमान रहिवाशांसाठी, रक्तपाताचा दिवस होता. जिने शस्त्राला शब्दाने उत्तर दिले, ती संत एका लष्करी विजयाची खूण होऊन बसली. जुने चित्र सांभाळायचे म्हणजे त्याच्यामागचा हा सारा इतिहासही सांभाळायचा. त्यातील सोयीस्कर तेवढा भाग ठेवून बाकीचा पुसून टाकायचा नाही. चित्रावर फिरविलेल्या नव्या रंगाबद्दल आपण पुढे बोलणारच आहोत. इतिहासावरही असा नवा रंग चढविता येतो, हे ध्यानात असलेले बरे.

प्रवास आणि विस्थापन

लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून साधारण सहा महिन्यांनी, पावसाळा सरता सरता, गोव्याला पोहोचत. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. कोरड्या हवेत मुरविलेल्या लाकडाला हा पहिला धक्का असे. दुसरा धक्का गोव्याच्या हवेचा. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत पडणारा!

पुढे १५६२ मध्ये आज उभ्या असलेल्या भव्य से कॅथेड्रलचे बांधकाम सुरू झाले आणि ते कित्येक दशके चालले. या नव्या कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर संत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग आहेत. पण ते सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी कोरीवकामात आहेत. ज्या वेदीसाठी गार्सिया फर्नांडिसची चित्रे केली होती, ती वेदी आणि ते जुने कॅथेड्रल, दोन्ही इतिहासजमा झाले. त्यांतले काही फलक गोव्यात टिकून राहिले, पण त्यांचे मूळ घर गेले. जुन्या वेदीचित्रांच्या नशिबी बहुधा हेच येते. वेदी बदलते, अभिरुची बदलते, आणि चित्र सामानाच्या खोलीकडे सरकते.

गोव्यात आलेली चित्रे केवळ गोव्यातच राहिली असेही नाही. १५८० मध्ये रोदोल्फो आक्वाव्हिवा आदी येशूसंघीय धर्मगुरू गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी गेले, तेव्हा रोमच्या सांता मारिया माज्जोरे महामंदिरातील पवित्र मरियेच्या सुप्रसिद्ध चित्राची प्रतिकृती त्यांनी बरोबर नेली होती. बादशहाने त्या चित्राला आदराने वंदन केल्याचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मोगल चित्रकारांनी पुढे मरियेची आणि बाळ येशूची जी चित्रे काढली, त्यांना अशा प्रतिकृतींचीच प्रेरणा होती.

एका फलकात किती थर?

आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील कुटुंबांना चित्रफलकाची रचना समजावून सांगणे फारसे अवघड नाही. मोटारीच्या कारखान्यात रंगखात्यात काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते, की पत्र्यावर एकदम रंग मारीत नाहीत. आधी पत्रा धुऊन त्यावर रासायनिक प्रक्रिया होते, मग प्रायमर, मग रंग, आणि सर्वांत वर चकाकी देणारा पारदर्शक थर. सोळाव्या शतकातील चित्रकाराची रीत याच क्रमाची होती. ओक वृक्षाच्या फळ्या जोडून तासल्या जात. त्यावर प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस आणि खडू किंवा जिप्सम यांचे पांढरे अस्तर चढे. अस्तर घासून गुळगुळीत झाले की चित्रकार त्यावर काळ्या रेषांनी रेखाटन करी. त्यानंतर जवसाच्या तेलात घोटलेले रंग एकावर एक पातळ थरांनी लावीत: शिशापासून केलेला पांढरा, ताम्रयुक्त खनिजाचा निळा, हिंगुळाचा लाल, शिसे आणि कथील यांच्यापासूनचा पिवळा. शेवटी झाडाच्या राळेचे व्हार्निश.

पत्रा आणि फळी यांत मात्र एक मोठा फरक आहे. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि फुगते. उन्हाळ्यात ते आकसते. ही हालचाल शिरांच्या आडव्या दिशेने अधिक होते. वरचा रंगाचा थर शतकांच्या प्रवासात कडक झालेला असतो. त्याला ही हालचाल झेपत नाही. तो प्रथम तडकतो, मग पापुद्र्यासारखा उचलला जातो, आणि अखेर गळून पडतो. त्यात वाळवी, मेणबत्त्यांची काजळी आणि बुरशी यांची भर पडते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि तेथे बुरशीपासून पेनिसिलीन तयार होऊ लागले. त्यामुळे बुरशी म्हणजे जीवनदात्री, अशीही आपली समजूत असेल. पण चित्राच्या अस्तरातील सरस हे बुरशीचे आवडते खाद्य आहे. औषधाच्या टाकीत उपकारक ठरणारा हा जीव वेदीमागच्या ओल्या भिंतीवर चित्राचा काळ ठरतो.

नव्या रंगाचे संकट

हवेपेक्षाही मोठे संकट माणसाच्या हातून येते, आणि तेही बहुधा सद्भावनेने. त्याचे गोव्यातले ठळक उदाहरण धार्मिक चित्रांचे नसून राज्यकर्त्यांच्या व्यक्तिचित्रांचे आहे. १५४७ मध्ये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने आपल्या आधीच्या सर्व गव्हर्नरांची चित्रे करवून घेतली. इतिहासकार गास्पार कोरैया याने त्यांतील बहुतेकांना प्रत्यक्ष पाहिलेले होते. त्याच्या सांगण्यावरून ती चित्रे एका स्थानिक चित्रकाराने रंगविली. हा मनुष्य याच भूमीतला असून त्याला उपजत कौशल्य होते, असे कोरैया नमूद करतो. नाव मात्र देत नाही. ही परंपरा पुढे चालू राहिली. आज सुमारे साठ चित्रे जुन्या गोव्यात, संत फ्रान्सिस असिसीच्या मठातील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. हे संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले.

ही चित्रे जुनी होत गेली, तसतशी ती वेळोवेळी नव्याने रंगविली गेली. विसाव्या शतकात त्यांतील काही फलक लिस्बनला नेण्यात आले. तेथे क्ष-किरणांखाली तपासणी झाली, तेव्हा वरच्या रंगाखाली जुनी, निराळी रूपे दडलेली आढळली. त्या अनामिक स्थानिक चित्रकाराचा हात पाहावयाचा, तर आता तो अशा यंत्रांच्या साहाय्यानेच पाहावा लागतो. स्थानिक हातांचा प्रश्न त्या काळी चर्चेतही होता. हिंदू चित्रकारांनी पवित्र प्रतिमा रंगवू नयेत, असा आग्रह १५४६ च्या राजाज्ञेत आणि पुढे १५६७ च्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेतही दिसतो. मनाई पुनःपुन्हा करावी लागते, याचाच अर्थ असा, की ते हात प्रतिमा रंगवीतच होते.

अगदी अलीकडचे उदाहरण स्पेनमधील बोर्हा गावचे. २०१२ मध्ये तेथील मंदिरातील काट्यांचा मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे भित्तिचित्र एका वयोवृद्ध धर्मग्रामस्थ बाईंनी भक्तिभावाने दुरुस्त करावयास घेतले आणि मूळ चेहरा ओळखू येईनासा झाला. साऱ्या जगाने त्या बाईंची थट्टा केली. पण थट्टा करण्याचा अधिकार आपल्याला आहे का? सणाच्या आधी आपल्या गावच्या जुन्या पुतळ्याला चकचकीत ऑइलपेंट लावणारे, चित्र उजळावे म्हणून त्यावर खोबरेल तेलाचा बोळा फिरविणारे हात आपल्याही ओळखीचे आहेत. माझ्या धर्मसेवेच्या काळात एका मंदिरात मी जुनी लाकडी मूर्ती पाहिली. तिच्या पायाजवळचा रंग टवका उडून निघाला होता आणि खाली चार निरनिराळ्या रंगांच्या कडा वहीच्या पानांसारख्या दिसत होत्या. चार पिढ्यांनी आपापल्या परीने केलेली ती सेवाच होती. पण प्रत्येक सेवेने आधीच्या पिढीचे काम झाकून टाकले होते.

तपासणी आणि उपचार

आज जाणकार संवर्धक जुन्या चित्राला हात लावण्यापूर्वी, डॉक्टर रोग्याला तपासतो तसे त्याला तपासतात. आपल्या भागातील कारखान्यांत ओतकामातील पोकळी किंवा वेल्डिंगमधील दोष शोधण्यासाठी क्ष-किरण वापरतात. त्याच किरणांनी फळ्यांचे सांधे, खिळे, वाळवीने केलेली बिळे आणि शिशाच्या पांढऱ्या रंगातील आधीची आकृती दिसते. अवरक्त किरणांचे कॅमेरे वरच्या रंगातून आरपार जाऊन चित्रकाराचे काळे रेखाटन दाखवितात. बोटाची जागा कोठे बदलली, चेहरा कोठे वळविला, हे त्यातून कळते. अतिनील प्रकाशात जुने व्हार्निश हिरवट चमकते आणि नंतरची डागडुजी काळ्या डागांसारखी उठून दिसते. ओकच्या फळीतील वाढीची वर्तुळे मोजून ते झाड कोणत्या काळानंतर तोडले, याचाही अंदाज करता येतो.

रंगांचीही स्वतःची कालगणना असते. शिसे-कथिलाचा पिवळा रंग १७५० च्या सुमारास वापरातून गेला आणि १९४१ मध्ये संशोधकांनी तो पुन्हा ओळखला. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये निघाला. टिटॅनियमचा पांढरा तर १९२० च्या आसपासचा. तेव्हा १५४० च्या मरियेच्या झग्यात प्रशियन निळा सापडला, तर तो झगा नंतर कोणीतरी रंगविला आहे, हे उघड होते.

उपचारातही संयम हाच पहिला नियम. उचललेले पापुद्रे आधी पातळ जपानी कागद लावून धरून ठेवतात, मग त्यांच्याखाली माशाच्या सरसासारखा सौम्य चिकट पदार्थ सोडून ते बसवितात. पिवळे पडलेले व्हार्निश कापसाच्या बोळ्याने, बोटाच्या पेराएवढ्या जागेवर चाचणी घेत घेत काढतात. जेथे मूळ रंग गेलाच आहे, तेथे तेवढ्याच जागेत, पुढे काढून टाकता येईल अशा रंगाने भर घालतात. इटलीत १९३९ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती संवर्धन संस्थेचे प्रमुख चेझारे ब्रांदी यांनी हा विचार शास्त्रशुद्ध मांडला. त्यांच्या परंपरेत अशी भर बारीक उभ्या रेषांनी घालतात. दुरून चित्र अखंड दिसते, पण जवळ गेले की भर कोणती आणि मूळ कोणते, हे प्रामाणिकपणे कळते.

याचे फळ काय मिळते, ते बेल्जियममधील घेंट येथे दिसले. १४३२ मध्ये पूर्ण झालेल्या तेथील प्रसिद्ध वेदीचित्राचे संवर्धन २०१२ मध्ये सुरू झाले आणि ते शहराच्या संग्रहालयात काचेपलीकडून लोकांना पाहता येत होते. मधोमध असलेल्या ख्रिस्तरूपी कोकराचा चेहरा सोळाव्या शतकातील दुरुस्तीखाली झाकला गेला होता. तो नवा थर काढला, तेव्हा सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालणारे मूळ कोकरू प्रकट झाले. चित्राचा तो भाग २०२० मध्ये पुन्हा कॅथेड्रलमध्ये आला. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी ज्याला वंदन केले, त्याचा खरा चेहरा त्यांच्या वंशजांनी प्रथमच पाहिला!

वेदी की संग्रहालय?

धार्मिक चित्र संग्रहालयात ठेवले की ते देवापासून दुरावते, असे अनेक भाविकांना वाटते. या भावनेत तथ्य आहे. मेणबत्ती, प्रार्थना आणि गुडघे टेकणे यांच्यावाचून वेदीचित्र अपुरे असते. पण वेदीही राहिली नाही आणि भिंत पाझरते आहे, तेव्हा दुसरा मार्ग कोणता? या विचारातूनच गोव्याच्या महाधर्मप्रांताने इंटॅक ही संस्था आणि पोर्तुगालची कालूस्त गुल्बेंकियन संस्था यांच्या सहकार्याने १९९४ मध्ये राशोल येथील धर्मगुरू प्रशिक्षण विद्यालयात ख्रिस्ती कला संग्रहालय सुरू केले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात आणण्यात आले. १६०६ मध्ये सुरू झालेला हा मठ पूर्वेकडील व्रतस्थ भगिनींचे आद्य स्थान. अलीकडे संग्रहालयाची नव्याने मांडणी झाली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मुंबईतही महाधर्मप्रांताचे वारसा संग्रहालय गोरेगाव येथे २०११ पासून आहे.

ख्रिस्तसभेचा कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. १९८३ च्या कायदेसंहितेतील ११८९ वे कलम सांगते, की प्राचीनत्वामुळे, कलेमुळे किंवा भक्तीमुळे मौल्यवान असलेली प्रतिमा महागुरुस्वामींच्या लेखी परवानगीवाचून कदापि दुरुस्त करू नये, आणि परवानगी देण्यापूर्वी त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही मौल्यवान धार्मिक वस्तू विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, असे बजावले. २००१ मध्ये परमगुरूंच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने तर चर्चची संग्रहालये हे धर्मसेवेचेच अंग आहे, असे प्रतिपादन केले.

प्रत निघत नाही

फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ते पुराण आपल्यापाशी आहे, कारण भाविकांनी ते हातांनी उतरून काढले, गायिले, आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. ग्रंथ नकलेने जगतो. नकल करणाऱ्याचे अक्षर वेगळे असले, तरी ओवी तीच राहते. चित्राचे तसे नाही. संत कॅथरिनच्या चेहऱ्यावर गार्सिया फर्नांडिसने दिलेला कुंचल्याचा फटकारा एकदाच होतो. त्यावर दुसरा रंग चढला की तो झाकला गेला, आणि खरवडला गेला की कायमचा गेला. म्हणून ग्रंथाची सेवा उतरून काढण्यात आहे, तर चित्राची सेवा पुष्कळदा हात आवरण्यात आहे.

पिंपरी-चिंचवडच्या धर्मग्रामांतील कुटुंबे अहमदनगरच्या खेड्यांतून, वसईतून, गोव्यातून, मंगळूरहून आणि केरळहून पोटापाण्यासाठी येथे आली. आपली येथील मंदिरे नवी आहेत. त्यांत सोळाव्या शतकातील काही नाही. परंतु आपल्या मूळ गावच्या मंदिरात, आजोळच्या घरात, वाटेवरच्या क्रुसाजवळ जुन्या प्रतिमा आहेत. सणाला गावी गेल्यावर वर्गणी मागायला येतात ती बहुतेक रंगकामासाठीच, आणि शहरातून आलेल्या माणसाच्या शब्दाला तेथे वजन असते. त्या वजनाचा उपयोग करावा. प्रतिमेचे चारही बाजूंनी छायाचित्र काढून ठेवावे. मागे काही लिहिलेले असल्यास ते उतरून घ्यावे. वृद्धांना तिचा इतिहास विचारून नोंदवहीत लिहावा. ओल्या भिंतीपासून ती चार बोटे पुढे टांगावी, मेणबत्त्या जरा दूर लावाव्या, तेल-पाण्याचा बोळा लावू नये. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी, आणि रंगाचे पापुद्रे उचललेले दिसले तर तेवढेही करू नये. आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी गावच्या धर्मगुरूंमार्फत महागुरुस्वामींच्या कचेरीला एक पत्र पाठवावे. उत्तर यायला वेळ लागेल. जी प्रतिमा दोनशे पावसाळे थांबली, ती आणखी एक सण जुन्याच रंगात साजरा करील.